विजेवर अधिकार दोघांचा, देणे कोणाचे?

विजेसंबंधीच्या मूळ कायद्यात दुरुस्ती करण्याचा प्रश्न गेली दहाबारा वर्षे मध्यवर्ती सरकार आणि घटक राज्ये यांच्यामध्ये लोंबकळत पडला आहे. २०१४ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलेले दुरुस्ती विधेयक त्या लोकसभेबरोबरच संपुष्टात आले. २०२० च्या मसुद्याला पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांनी कृषी कायद्यांच्या बरोबरीने विरोध केला, आणि २०२१ च्या डिसेंबरात आंदोलन मिटविताना, संबंधितांशी विचारविनिमय केल्याखेरीज हे विधेयक संसदेपुढे आणले जाणार नाही, असे आश्वासन केंद्राला द्यावे लागले. ८ ऑगस्ट २०२२ रोजी मांडलेले विधेयक संसदीय स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर तेही बारगळले. २०२५ च्या ऑक्टोबरात ऊर्जा मंत्रालयाने नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तेच असतात. केंद्र म्हणते, राज्यांच्या वितरण कंपन्या कर्जात बुडाल्या आहेत, सुधारणा अटळ आहे. राज्ये म्हणतात, हे आमच्या अधिकारावरील आक्रमण आहे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि तरीही दोन्ही म्हणणी मूळ दुखण्याला बगल देतात. वीज या विषयावर कायदा करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला व राज्यांना, दोघांनाही दिला आहे. परंतु त्या अधिकाराच्या वापरातून जे देणे निर्माण होते ते कोणी द्यायचे, याचा निर्णय कोणत्याही विधिमंडळात उघडपणे होत नाही. ते देणे वीज बिलाच्या आकड्यांत लपविले जाते. आजचा वाद वरवर घटनात्मक दिसत असला तरी वस्तुतः तो या लपलेल्या अंदाजपत्रकाच्या मालकीचा वाद आहे.

समवर्ती सूचीची पूर्वपीठिका

घटनेच्या सातव्या परिशिष्टातील समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर ‘वीज’ हा विषय आहे. समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा आणि राज्याचा कायदा परस्परविरोधी ठरला तर कलम २५४ अन्वये सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर तो त्या राज्यापुरता चालतो. पण संसदेला त्यावरही पुन्हा कायदा करता येतो. ऊर्जेच्या बाकीच्या अंगांची मात्र घटनेने निराळी वाटणी केली आहे. अणुशक्ती आणि खनिज तेल केंद्राकडे, पाणी व जमीन मुख्यतः राज्यांकडे, कोळशाच्या खाणींवरील नियंत्रण कायद्याने बव्हंशी केंद्राकडे, आणि विजेच्या विक्रीवर वा वापरावर कर बसविण्याचा अधिकार राज्य सूचीच्या ५३ व्या नोंदीने राज्यांकडे. म्हणजे कोळसा एकाचा, पाणी दुसऱ्याचे, वीज दोघांची आणि तिच्यावरील कर पुन्हा राज्याचा, अशी ही रचना आहे.

ही रचना घटनाकारांनी आयत्या वेळी जुळविलेली नाही. १९३५ च्या कायद्यातही वीज समवर्ती सूचीतच होती. त्यापूर्वीच्या काळात वीज हा प्रामुख्याने खाजगी परवानेदारांचा व्यवसाय होता आणि १९१० चा कायदा त्या परवान्यांपुरताच होता. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा ती एका उद्योगसमूहाने एका शहरासाठी केलेली व्यवस्था होती. तिची किंमत केवळ पैशांत मोजता येत नव्हती, हे पुढे मुळशीने दाखविले. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी धरणाच्या भिंतीपाशी सत्याग्रहाला उभे राहिले. वीज एकाला मिळते आणि तिच्यासाठी दुसऱ्याची जमीन जाते, हा प्रश्न या राज्यात इतका जुना आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे त्यांनी जे प्रश्न ठेवले ते आजही ताजे वाटतात. विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी? सरकारी असल्यास ती केंद्राकडे असावी की प्रांतांकडे? आणि मालकी कोणाचीही असली तरी देशाला स्वस्त व विपुल वीज कशी मिळेल? यांपैकी तिसरा प्रश्न त्यांच्या दृष्टीने मुख्य होता, पहिले दोन त्याच्या उत्तरासाठी होते. आपल्या राजकारणाने मात्र पहिल्या दोन प्रश्नांवरच वर्षे खर्ची घातली.

मंडळांचा हिशेब

स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित वीजनिर्मिती क्षमता अवघी १,३६२ मेगावॉट होती. काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे बांधकाम, खाणी व वीज हे खाते असताना १९४८ चा वीजपुरवठा कायदा संमत झाला आणि त्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. कायदा केंद्राचा, मंडळे राज्यांची, अशी ही विभागणी होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये अस्तित्वात आले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत या मंडळांनी जे केले त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. कोयनेची वीज, चंद्रपूर व कोराडीची औष्णिक केंद्रे, खेडोपाडी उभे राहिलेले खांब आणि विहिरींवर बसलेले पंप ही त्यांचीच कामगिरी होय. नफ्याकडे पाहणारा कोणताही परवानेदार त्या काळी दुर्गम वाडीवर तारा घेऊन गेला नसता.

परंतु त्याच कायद्यात एक दुबळा दुवा होता. मंडळाने शक्यतो तोट्यात कारभार करू नये, असे त्याचे ५९ वे कलम सांगत होते, तर ७८-अ या कलमाने राज्य सरकारला धोरणविषयक आदेश देण्याचा अधिकार दिला होता. एका हाताने हिशेब जुळवायला सांगायचे आणि दुसऱ्या हाताने तो बिघडवायचा, अशी ही सोय होती. १९८३ च्या दुरुस्तीने मंडळांनी किमान तीन टक्के आधिक्य दाखवावे असे बंधन घातले; पण आधिक्य दाखविणे आणि आधिक्य मिळविणे यांत फरक असतो. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी लागू झाल्यावर तो फरक झाकण्याची उत्तम जागा सापडली. पंपाने किती वीज ओढली याचा पुरावाच नसल्यामुळे चोरी आणि गळती यांपैकी बराच भाग शेतीच्या नावावर टाकता येऊ लागला. महाराष्ट्रात नियामक आयोग आल्यानंतर २००० च्या सुमारास जाहीर सुनावणीत हे हिशेब तपासले गेले, तेव्हा अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे उघड झाले. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या नावाने अनुदान मागितले जात होते, त्याच्या नावावर त्याने कधीच न वापरलेली वीजही मांडली जात होती.

दाभोळचा धडा

निर्णय एकाचा आणि देणे दुसऱ्याचे, या पद्धतीचे सर्वांत महागडे उदाहरण दाभोळ प्रकल्पाचे आहे. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला आणि १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. राज्य सरकारने मंडळाला हमी दिली आणि १९९४ मध्ये केंद्राने त्या हमीला प्रतिहमी दिली. १९९५ मध्ये राज्यातील नव्या सरकारने करार रद्द केला, मग नव्याने वाटाघाटी करून प्रकल्प आणखी मोठा केला. १९९६ च्या मे महिन्यात केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारनेही आपल्या अल्प कारकिर्दीत प्रतिहमीच्या प्रश्नावर निर्णय घेतला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, २००१ च्या मे महिन्यात, मंडळाने ही महाग वीज घेणे थांबविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

या प्रकरणात कोणत्या पक्षाचा दोष किती, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या गदारोळात मूळ मुद्दा हरवला. डॉलरच्या भावाशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधलेले, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागणारे एक दीर्घकालीन देणे मंडळाने पत्करले, राज्याने त्याला टेकू दिला आणि केंद्राने त्या टेकूला आणखी एक टेकू दिला. तीन संस्थांच्या सह्या झाल्या. परंतु हे देणे करदात्यावर येणार आहे, तुम्ही त्याला मान्यता देता काय, असा प्रश्न त्या सह्यांपूर्वी विधानसभेपुढे किंवा संसदेपुढे स्वच्छपणे मांडला गेला नाही.

मतदानाला न आलेला कर

या अनुभवानंतर २००३ चा वीज कायदा आला. त्याने १९१०, १९४८ आणि १९९८ चे कायदे रद्द केले, मंडळांचे विभाजन आवश्यक केले आणि दर ठरविण्याचे काम स्वतंत्र नियामक आयोगांकडे कायम केले. त्यानुसार २००५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील मंडळाच्या निर्मिती, पारेषण व वितरण अशा निराळ्या कंपन्या झाल्या. या कायद्याचे ६५ वे कलम फार महत्त्वाचे आहे. आयोगाने ठरविलेल्या दरापेक्षा कमी दराने एखाद्या वर्गाला वीज द्यावी असे राज्य सरकारला वाटत असेल, तर तेवढी रक्कम सरकारने आगाऊ भरली पाहिजे, असे ते सांगते. सवलत देण्याचा राज्याचा अधिकार या कलमाने काढून घेतलेला नाही. ‘आधी पैसे, मग औदार्य’ एवढीच अट घातली आहे.

पण या कलमाच्या शेजारीच एक चोरवाट उघडी राहिली. तिचे नाव क्रॉस सबसिडी. कारखाने, दुकाने, रेल्वे आणि अधिक युनिटे वापरणारे घरगुती ग्राहक यांच्याकडून खर्चापेक्षा जास्त दर घ्यायचा आणि त्यातून शेती व अल्प वापराच्या ग्राहकांचा दर कमी ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे. २००३ च्या कायद्यात ही क्रॉस सबसिडी कमी करीत जाऊन ती संपुष्टात आणावी असे म्हटले होते. २००७ च्या दुरुस्तीने ‘संपुष्टात आणणे’ वगळले आणि केवळ ‘कमी करणे’ शिल्लक ठेवले. २००६ च्या दरधोरणाने प्रत्येक वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या वीस टक्के अलीकडे-पलीकडे यावा असे उद्दिष्ट ठेवले होते. तेही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर क्रॉस सबसिडी हा एक करच आहे. एका वर्गाकडून सक्तीने अधिक रक्कम घेऊन दुसऱ्या वर्गाला देणे याला दुसरे काय म्हणावे? घटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता येत नाही. क्रॉस सबसिडीला कायद्याचा तांत्रिक आधार आहे हे खरे. परंतु ती किती असावी, कोणाकडून घ्यावी आणि कोणाला द्यावी यावर विधानसभेत कधी मतदान होत नाही. वीज बिलावर राज्याचे वीज शुल्क स्वतंत्र ओळीत छापलेले असते, कारण तो उघड कर आहे. त्याच बिलातील दराच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या कराला मात्र स्वतंत्र ओळ नसते. पगारदार कुटुंब ३०० युनिटांची मर्यादा ओलांडते तेव्हा ते आपण अधिक वीज वापरल्याची किंमत देत असल्याचे समजते. त्यात दुसऱ्याच्या सवलतीचा वाटा किती, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि ज्याला सवलत मिळते त्यालाही ती सरकारने दिली असेच वाटते.

हा अदृश्य कर आता वितळू लागला आहे. मोठ्या ग्राहकाला खुल्या बाजारातून वीज घेता येते, कारखान्याला स्वतःचे निर्मितिकेंद्र उभारता येते आणि छपरावर सौर तावदाने बसविणे मध्यमवर्गालाही परवडू लागले आहे. जास्त दर देणारा ग्राहक बाहेर पडला की त्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो, दर पुन्हा वाढतो आणि आणखी ग्राहक बाहेर पडतात. या उताराची कल्पना सरकारांना नाही असे नाही. त्यांनी तात्पुरते बांध घातले. थकीत देण्यांपोटी २००२-०३ च्या सुमारास राज्यांचे रोखे निघाले, २०१२ मध्ये कर्जांची पुनर्रचना झाली, २०१५ मध्ये ‘उदय’ योजनेखाली वितरण कंपन्यांचे तीन चतुर्थांश कर्ज राज्यांनी आपल्या अंगावर घेण्याचे ठरले. तेरा-चौदा वर्षांत तीन वेळा कर्जे या वहीतून त्या वहीत गेली. पण कर्ज ज्यातून उपजते ते कारण तसेच राहिले.

केंद्राची बाजू आणि तिची मर्यादा

केंद्राच्या म्हणण्यात बळ नाही असे नाही. देशातील वीजवहनाचे जाळे आता एक झाले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी जोडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० व ३१ जुलै २०१२ रोजी, उत्तरेतील राज्यांनी ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढल्यामुळे आलेला ताण सहन न होऊन जाळे कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. एका राज्याच्या बेशिस्तीची झळ दुसऱ्याला लागते. राजस्थान-गुजरातच्या उन्हावर तयार होणारी वीज अन्य राज्यांत न्यावयाची तर एकसूत्री नियम हवेतच. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेने पाच लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. एवढा पसारा प्रत्येक राज्याच्या निराळ्या कायद्याने चालणार नाही.

मात्र एकसूत्रता जाळ्यात हवी, म्हणून ती वितरणातही हवीच, असे सिद्ध होत नाही. एकाच क्षेत्रात अनेक वितरकांना एकाच तारांवरून वीज विकू द्यावी, ही या विधेयकांतील मध्यवर्ती कल्पना आहे. स्पर्धेने ग्राहकाला लाभ होतो हे पाठ्यपुस्तकातील तत्त्व कोणी नाकारणार नाही. पण मुंबईचा अनुभव तपासण्यासारखा आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने उपनगरांत दुसऱ्या परवानेदाराला किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि २००९ पासून ग्राहक जुन्याच तारांवर राहून पुरवठादार बदलू लागले. लवकरच प्रश्न उभा राहिला की, सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून मिळणारी क्रॉस सबसिडी कोणी भरून काढायची? अखेर आयोगाला अशा ग्राहकांवर अधिभार बसवावा लागला. स्पर्धा आली तरी देणे गेले नाही. त्याची फक्त जागा बदलली. पुढे एका खाजगी कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यासाठी समांतर परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचारी संपावर गेले आणि सरकारशी बोलणी झाल्यावर त्याच दिवशी परतले. त्यांच्या विरोधात नोकरीची चिंता होती हे उघड आहे. परंतु नफ्याचा पट्टा एकाने घेतला तर तोट्याचा मराठवाडा कोणाच्या पदरात पडणार, हा त्यांचा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांपुरता नव्हता.

२०२५ च्या मसुद्यात कारखाने, रेल्वे व मेट्रो यांच्यावरील क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपविण्याचा विचार आहे. उद्योगांच्या दृष्टीने तो योग्यच म्हणावा लागेल. पण जो कर राज्ये आजवर आडमार्गाने वसूल करीत आली तो केंद्राच्या कायद्याने बंद होणार असेल, तर त्या जागी काय येणार याचे उत्तरही केंद्रानेच दिले पाहिजे. येथे एक अलीकडचा दाखला उपयोगी आहे. वस्तू व सेवा करासाठी राज्यांनी आपले विक्रीकराचे अधिकार सोडले, तेव्हा केंद्राने २०१७ च्या कायद्याने पाच वर्षे, वार्षिक चौदा टक्के वाढ गृहीत धरून, भरपाईची हमी दिली होती. ती हमी नसती तर राज्ये राजी झाली नसती. विजेच्या बाबतीत मात्र अधिकार सोडा असे सांगितले जाते, भरपाईचा उल्लेख होत नाही. उलट २०२१ नंतर राज्यांना वाढीव कर्ज उभारण्याची मुभा वीज क्षेत्रातील अटींशी बांधली गेली. संघराज्यात सहकार्य असे एकतर्फी होत नसते.

राज्यांची जबाबदारी

म्हणून राज्यांची बाजू निर्दोष ठरते असे मात्र नाही. २००४ मध्ये विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी महाराष्ट्रात शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणुकीनंतर २००५ मध्ये ती मागे घेतली गेली. २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज देण्याची योजना आली. तिचा लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना होईल असे सांगण्यात आले. शेतकऱ्याला मदत नको असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. कालव्याखालच्या बागायतदाराला सरकारी धरणाचे पाणी नाममात्र पट्टीवर मिळते. कोरडवाहू तालुक्यातील शेतकरी स्वतः विहीर खणून, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा पंप सुरू करून पाणी उपसतो. त्याला सवलत देण्यात न्याय आहे. परंतु ती मीटरवर मोजलेली, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली मांडलेली आणि ६५ व्या कलमाप्रमाणे आगाऊ भरलेली असली पाहिजे. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आलेली सौर कृषी वाहिनीची योजना यासाठी उपकारक ठरेल. गावाजवळची स्वस्त वीज दिवसा पंपाला मिळाली तर अनुदानाचा बोजाच घटतो. मोजमाप टाळून मात्र तीही योजना जुन्या खड्ड्यात पडेल.

यातून निघणारा मार्ग अवघड असला तरी अस्पष्ट नाही. वीज समवर्ती सूचीतच राहावी. जाळ्याची शिस्त आणि आंतरराज्य व्यवहार संसदेच्या कायद्याने चालावेत. वितरणाची रचना प्रत्येक राज्याने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावी. प्रत्येक आयोगाने दरनिश्चितीबरोबर क्रॉस सबसिडीचा वर्गवार ताळेबंद विधिमंडळापुढे ठेवावा आणि ती रक्कम बिलावर वीज शुल्काप्रमाणेच वेगळ्या ओळीत छापावी. केंद्राला ती संपवायची असेल तर संक्रमणकाळातील तूट कोणी किती सोसायची, हे आधी ठरवावे. नव्या मसुद्यातील केंद्र-राज्यांच्या विद्युत परिषदेला हेच पहिले काम द्यावे.

सवलत द्यायची की नाही, कोणाला द्यायची आणि किती काळ, हे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ठरवायचे असते. तो निर्णय चुकला तर पाच वर्षांनी त्याचा जाब विचारता येतो. दराच्या पोटात दडविलेल्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा? अधिकार कोणत्या सूचीत असावा यावर केंद्राने व राज्यांनी अवश्य वाद करावा. पण त्या वादाला बसण्यापूर्वी दोघांनीही आपापली वही उघडून लोकांपुढे ठेवली पाहिजे.